हुकलेले तीन मंगळवार

एकाच खोलीत काम करणाऱ्या तीन माणसांना एकाच आठवड्यात एकच ताप येतो. पहिला माणूस दोन दिवसांत उठतो. दुसरी बाई चार दिवसांत उठते. तिसरी चौदा महिने झाले तरी उठलेली नाही. तिचं रक्त तपासा, छातीचा फोटो काढा, हृदयाचा आलेख काढा, सगळं ठीक येतं. मग ती उठत का नाही?

हे कोडं सहावीतल्या शर्वरी वायदंडेने आपल्या विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. खाली उत्तरासाठी चार ओळी सोडल्या होत्या. त्या कोऱ्याच होत्या. कोड्यातली तिसरी बाई म्हणजे तिची आई.

साल दोन हजार सत्तेचाळीस. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत डॉ. चारुदत्त हेर्लेकरांचा दातांचा दवाखाना आहे. शर्वरीची आई सानिका तिथे बारा वर्षं सहायक होती. दाताच्या कामाला चार हात लागतात. दोन डॉक्टरांचे आणि दोन सहायकाचे. डॉक्टर ड्रिल चालवतात आणि सहायक सक्शन (तोंडात साठणारं पाणी नि थुंकी ओढून घेणारी नळी) धरते. नळी धरायची तर पेशंटच्या तोंडापासून आपलं तोंड वीतभर अंतरावर ठेवावं लागतं. बारा वर्षं सानिका अशी लोकांच्या उघड्या तोंडांवर वाकून उभी राहिली. रडणाऱ्या पोरांना ती म्हणायची, "झालंच बघ, एवढंच." निम्मी पोरं त्या एका वाक्यावर दात काढून घ्यायची.

मग चिकटा आला. शास्त्रज्ञांनी त्या विषाणूला आकड्यांचं लांबलचक नाव दिलं होतं, पण शेतकरी लोकांनी त्याला पिकावरच्या रोगाचं नाव देऊन टाकलं. नाव चपखल बसलं. काहींना तो खरोखरच चिकटून बसला.

आता सानिका सकाळी केस विंचरायची आणि विंचरून दमायची. भाकरी थापताना मध्येच पाटावर बसायची. "ते हे दे गं... ते," म्हणायची आणि उलथण्याचं नाव तिला आठवायचं नाही. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून घर झाडून काढलं, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. शेजारणी म्हणायच्या, "दिसायला तर चांगली धडधाकट आहे." हे वाक्य ऐकलं की शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या मार्च महिन्यात एका बुधवारी ती सकाळच्या शाळेतून घरी आली, तर आई हातात कागद घेऊन बसलेली.

"आलीस व्हय? हात धू आधी," आई म्हणाली.

शर्वरीने हात न धुताच कागद घेतला. कोल्हापूरला रेंगाळलेल्या आजारांचं एक केंद्र निघालं होतं. तिथे सहा महिने उपचार मिळत. पण जागा फक्त त्यांनाच, ज्यांचा आजार कामामुळे झाला असं कामगार आरोग्य अधिकारी लिहून देतील. अर्जावर मालकाचं मत लागत होतं. डॉ. हेर्लेकरांनी सुवाच्य अक्षरात ते लिहिलं होतं: ‘सर्व तपासण्या सामान्य. आजार मनाचा असावा. कामाशी संबंध दिसत नाही.’ अधिकारी शुक्रवारी दोन वाजता दवाखान्यात येणार होत्या. त्यांनीही ‘आजार नाही’ म्हटलं, की केंद्राचं दार कायमचं बंद.

"हे खोटं आहे!" शर्वरी ओरडली.

"खोटं कुठाय? रिपोर्ट नॉर्मलच आहेत की."

"मग तुला जिना का चढता येत नाही?"

"ते त्या रिपोर्टला विचार," आई म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली.

शर्वरीला रिपोर्टला विचारता येणार नव्हतं. पण जिला विचारता येईल अशी एक वस्तू तिला ठाऊक होती. गेले चौदा महिने ती त्या वस्तूचा मनापासून तिरस्कार करत होती. आणि विचारायचं तर तिला आणखीही एक होतं. ते तिने वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. लस घ्यायचा तिसरा मंगळवार तिच्यामुळे हुकला होता.

*

दवाखाना एक ते चार बंद असतो. मागच्या दारावर शर्वरीने थाप मारली. दार आपोआप उघडलं.

"शर्वरी सानिका वायदंडे. आवाज ओळखीचा. ये," आतून कुणीतरी म्हणालं.

हा ठोंब्या. कंपनीने त्याचं नाव ‘सहायक-चार’ ठेवलं होतं. चाकांवरचा खांबासारखा देह, दोन लांब हात, डोक्याच्या जागी एक काचेचा डोळा. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. सहा महिने तो सानिकाच्या मागे उभा राहून तिचं काम पाहत होता. तिने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठोंब्या ठेवलं आणि हळूहळू त्याला सगळं शिकवलं. मग ती आजारी पडली, आणि ठोंब्या तिच्या जागेवर उभा राहिला. स्वतःची जागा घेणाऱ्याला माणूस स्वतःच्या हाताने शिकवून ठेवतो, ह्याला काय म्हणावं!

तो ट्रेमधल्या चिमट्यांची रांग लावत होता. शेवटचा चिमटा ठेवून म्हणाला, "झालंच बघ, एवढंच."

"ते वाक्य बोलू नकोस," शर्वरी म्हणाली. "ते आईचं आहे."

"माझी सगळीच वाक्यं तिची आहेत. मी दुसऱ्या कुणाकडून शिकलोच नाही."

शर्वरी स्टुलावर बसली आणि तिने वही उघडून कोडं वाचून दाखवलं.

"ह्याचे तीन प्रश्न होतात," ठोंब्या म्हणाला. "ताप तिघांना का आला? तिलाच जड का गेला? आणि रिपोर्ट ठीक असून ती आजारी कशी? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नोंदलेलं आहे. दुसऱ्याचं अर्धं आहे. तिसऱ्याचं उत्तर दवाखान्यात रोज देतात, पण कुणाच्या लक्षात येत नाही."

त्याने ड्रिल उचलून क्षणभर सुरू केलं. टोकातून पाण्याचा फवारा उडाला.

"हे मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. दात तापू नये म्हणून पाणी सोडावं लागतं. पाणी उडतं, त्यात थुंकी मिसळते. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंबांचा होतो एअरोसोल (हवेत तरंगत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म थेंब). पेशंटच्या तोंडात विषाणू असेल तर तो त्या थेंबांवर बसून हिंडतो. बराचसा फवारा सक्शन ओढून घेतं, सगळा नाही. एसी चालावा म्हणून ही खिडकी बंद असते. मी तेव्हा शिकाऊ होतो, म्हणून खोलीतल्या हवेसकट सगळं मोजत होतो. पेशंट उठून गेल्यावरही बावीस मिनिटं थेंब हवेत असायचे."

"पण आईच्या तोंडावर मास्क असायचा ना?"

"पेशंट खुर्चीत असेपर्यंत असायचा. मास्कमधून श्वास वर जातो आणि संरक्षक चष्मा वाफाळतो. दोन पेशंटांच्या मध्ये तिला सात मिनिटं मिळायची. पेशंट उठला की ती मास्क हनुवटीवर ओढायची, चष्मा पुसायची, आणि तशीच खुर्ची पुसायला घ्यायची. डॉक्टर काउंटरपाशी जायचे तेव्हा तेही मास्क काढायचे. पेशंट गेला की धोका गेला, असं सगळ्यांनाच वाटायचं. धोका गेलेला नसायचा. ती जिथे वाकून खुर्ची पुसायची, तिथेच तो तरंगत असायचा. त्या सोमवारी साडेचारचा पेशंट येऊन गेला, त्याला दुसऱ्या दिवशी ताप आल्याचा फोन होता. गुरुवारपर्यंत काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे."

शर्वरीला आईचा तो वाफाळलेला चष्मा आठवला. घरी चहा पितानाही तो तसाच व्हायचा आणि दोघी हसायच्या.

"डॉक्टरकाका आणि काउंटरवरच्या स्नेहलताईंनाही ताप आला. त्यांना का नाही चिकटला?"

ठोंब्याने कपाटातून प्लास्टरचा जबडा काढला. दात पिवळट, कडा झिजलेल्या.

"तुझ्या आईने मला खऱ्या तोंडापाशी जाऊ देण्याआधी ह्याच्यावर महिनाभर सराव करायला लावला. हा जबडा चावत नाही, रडत नाही, ह्याच्यातून रक्त येत नाही. पण ह्याच्यावर हात बसतो. मग खरं तोंड समोर आलं की हात चाचरत नाही. लस अशीच असते. तीत विषाणूचा निरुपद्रवी नमुना असतो, किंवा तो नमुना तयार करायची कृती असते. शरीर त्यावर सराव करतं. अँटिबॉडी (विषाणूला चिकटून त्याला रोखणारी प्रथिनं) कशा बनवायच्या ते शिकतं. स्मृतिपेशी (एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) तयार करून ठेवतं. खरा विषाणू आला की तयारी असते."

"म्हणजे लस घेतली की आजार होतच नाही?"

"होतो. डॉक्टरांना झाला, स्नेहलला झाला. लस म्हणजे दाराचं कुलूप नाही. चोर आत येऊ शकतो, पण घरातली माणसं जागी असतात. विषाणूला फार पसरायला, फार नासधूस करायला वेळ मिळत नाही. म्हणून आजार रेंगाळण्याची शक्यताही घटते. शून्य होत नाही. समज, लस न घेतलेल्या शंभर आजाऱ्यांपैकी दहा जणांचा आजार रेंगाळतो, तर घेतलेल्या शंभरांत पाच-सहा जणांचा. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत."

शर्वरीने वहीच्या कोपऱ्याची गुंडाळी करायला सुरुवात केली. मग ती एकदम बोलून गेली.

लस नगरपालिकेच्या केंद्रात दर मंगळवारी मिळे. डॉक्टर आधी घेऊन आले, मग स्नेहलताई. नंतर आईचे तीन मंगळवार आले आणि तिन्ही हुकले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी आईचं जायचं पक्कं ठरलं होतं. बुधवारी शर्वरीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि ती नाचात पहिल्या रांगेत होती. ती आईच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "उद्या नको ना जाऊस. तुला ताप आला तर माझा नाच कोण बघणार?" आईने नाच पाहिला. उभी राहून टाळ्या वाजवल्या. ती अशी उभी राहिलेली शर्वरीने पुन्हा पाहिली नव्हती.

"माझ्यामुळेच झालं का रे ते?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की ठोंब्याला डोळा खाली आणावा लागला.

यंत्राला खोटं सांत्वन करता येत नाही. शर्वरीला तेच हवं होतं.

"सराव पुरा व्हायला शरीराला सुमारे दोन आठवडे लागतात," तो म्हणाला. "विषाणू तिच्या अंगात शिरला तो सोमवार धर. तिसऱ्या मंगळवारपासून त्या सोमवारपर्यंत सहा दिवस होतात. सहा दिवसांत सराव जेमतेम सुरू होतो. तिसऱ्या मंगळवारच्या लसीचा फारसा उपयोग झाला नसता. दुसऱ्या मंगळवारपासून तेरा दिवस. बऱ्यापैकी तयारी. पहिल्यापासून वीस दिवस. पूर्ण तयारी."

"पहिला का हुकला?"

"त्या दिवशी रूट कॅनालचे पाच पेशंट होते. डॉक्टर म्हणाले, ‘सानिका, तुझ्यावाचून खुर्ची चालत नाही. पुढच्या मंगळवारी जा.’"

"आणि दुसरा?"

"सहा पेशंट. वाक्य तेच."

शर्वरीच्या मनावरचं ओझं उतरलं, असं लिहायला मला आवडलं असतं. ते उतरलं नाही, राग होऊन डोक्यात चढलं. ज्या बाईवाचून खुर्ची चालत नव्हती, तिला लस सगळ्यांत शेवटी. आणि आता खुर्ची तिच्यावाचून खुशाल चालते आहे!

"पहिल्या मंगळवारी घेतली असती तर आई बरी झाली असती," ती दातओठ खात म्हणाली.

"शक्यता जास्त होती. नक्की होतं असं मी म्हणणार नाही. शंभर जणांबद्दल शास्त्र सांगू शकतं. त्यातली तुझी आई कोणती, हे कोणीच सांगू शकत नाही."

"मग तुझा उपयोग काय?"

"तिसऱ्या प्रश्नाला होईल," ठोंब्या म्हणाला. रागावणं त्याला येतच नसे. "चिरलेला दात तुला माहीत आहे? दाताला उभी बारीक चीर जाते. एक्स-रे काढला तर बहुतेक वेळा दिसत नाही. पेशंट नुसता बसला तर दुखतही नाही. मग डॉक्टर काय करतात?"

त्याने शर्वरीला ते सांगितलं. मग आईच्या बाबतीत काय करावं लागेल, तेही सांगितलं. रेंगाळलेल्या आजारात नेमकं काय बिघडतं, हे अजून कुणालाच पुरतं उमगलेलं नाही. विषाणूचे अवशेष कुठेतरी दडून राहत असतील. लढाई संपली तरी शरीराचं सैन्य शस्त्रं खाली ठेवत नसेल. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसा गोंधळत असतील. झोपवून, बसवून काढलेल्या रिपोर्टात ह्यातलं बरंच काही दिसत नाही, कारण तेव्हा शरीरावर भारच नसतो.

"आणि तुझ्याकडच्या नोंदी? त्या देशील?"

"सानिकाबद्दलच्या नोंदींवर सानिकाचा हक्क आहे. तिने मागितल्या तर देईन."

"मग आजवर का नाही दिल्यास?"

"कुणी मागितल्याच नाहीत," ठोंब्या म्हणाला.

*

शुक्रवारी बाबांनी आईला रिक्षाने आणलं. तीन पायऱ्या चढून ती दारातच थांबली आणि चौकट धरून उभी राहिली. दवाखान्याला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. तिला तो येत नव्हता. चिकट्याने तिचा वासही नेला होता.

अधिकारी डॉ. निलोफर मुजावर ठेंगण्या आणि फार कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फाइल चाळली आणि चष्म्यावरून डॉ. हेर्लेकरांकडे पाहिलं.

"मला सानिकाबद्दल सहानुभूतीच आहे," डॉक्टर म्हणाले. तशी ती होतीही. ते दुष्ट नव्हते. दिवसाला पंचवीस तोंडं पाहून थकणारे साधे गृहस्थ होते. "पण मॅडम, सगळ्या तपासण्या मी स्वतः पाहिल्यात. कशातच काही नाही. दिसत नाही ते आहे असं मी कसं लिहू?"

आई खाली मान घालून बसली होती. ती काही बोलणार नाही हे शर्वरीला कळलं. बारा वर्षं ह्या खोलीत डॉक्टर बोलायचे आणि ती नळी धरायची.

"डॉक्टरकाका," शर्वरी उभी राहिली. "एखाद्याचा दात चावताना दुखतो आणि फोटोत काहीच दिसत नाही. तर तुम्ही त्याला ‘मनाचं आहे’ सांगून घरी पाठवता?"

"शर्वरी, गप्प बस," बाबा म्हणाले.

"बोलू द्या," डॉ. मुजावर म्हणाल्या. "सांगा डॉक्टर. घरी पाठवता?"

"छे. चीर असू शकते. फोटोत नाही दिसत. मी काडी देतो दातांमध्ये धरायला आणि चावायला सांगतो. दातावर भार आला, की कळ..." डॉ. हेर्लेकर मध्येच थांबले.

"मग आईवर भार घालून बघा की! तिला आधी झोपवा आणि मग उभी करा. तुम्ही सगळ्यांनी तिला नुसती झोपवूनच तपासली."

डॉ. मुजावरांनी फाइल मिटली. "मी तेच करणार होते," त्या म्हणाल्या. "पण हिने आधी सांगितलं ते बरं झालं. सानिकाताई, ह्या खुर्चीवर झोपा. त्रास झाला तर लगेच सांगायचं, मी थांबवीन."

बारा वर्षांत सानिका त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. तिने सवयीने आधी खुर्चीच्या हातावरून पदर फिरवला, मग ती आडवी झाली. ठोंब्याने तिचं मनगट धरलं. तिने वर त्या काचेच्या डोळ्याकडे पाहिलं.

"झालंच बघ, एवढंच," ठोंब्या म्हणाला.

आई हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. शर्वरीने ह्या वेळी ठोंब्याला काही म्हटलं नाही.

आई दहा मिनिटं शांत पडून राहिल्यावर ठोंब्याने नाडी सांगितली. "बहात्तर." डॉ. मुजावरांनी तिला उभं केलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. बाबांनी मागे खुर्ची धरून ठेवली.

"एक मिनिट. अठ्ठ्याण्णव."

"निरोगी माणसाचे दहा-वीस ठोके वाढतात आणि स्थिरावतात," डॉ. मुजावर शर्वरीला म्हणाल्या. "तीसच्या वर वाढून तसेच राहिले, तर उभं राहण्याचा साधा भारही शरीर पेलत नाही असं समजायचं."

"पाच मिनिटं. एकशे चौदा."

आईच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे पडले.

"आठ मिनिटं. एकशे एकवीस."

"बास," डॉ. मुजावर म्हणाल्या आणि आई मागच्या खुर्चीत कोसळली. ती काही न करता नुसती उभी होती. तेवढ्यानेच तिचं हृदय जिना पळत चढल्यासारखं धडधडत होतं. चौदा महिने ती हेच सांगत होती.

डॉ. हेर्लेकर ठोंब्याच्या डोळ्याकडे पाहत राहिले, जणू तो काही वेगळा आकडा सांगेल.

"आजार आहे," डॉ. मुजावर लिहिता लिहिता म्हणाल्या. "आता तो कामामुळे झाला का, एवढंच."

"ठोंब्या," आई धापा टाकत म्हणाली. किती दिवसांनी तिने त्याला हाक मारली होती! "माझ्या नोंदी असतील तेवढ्या सगळ्या सांग बाळा."

ठोंब्याने सांगितल्या. बावीस मिनिटांचे थेंब. वाफाळलेला चष्मा. साडेचारचा पेशंट. मग मंगळवार. तो प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं सांगत होता. ‘सानिका, तुझ्यावाचून खुर्ची चालत नाही.’ एकदा. दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तिसरा मंगळवार," ठोंब्या म्हणाला, "सानिका म्हणाली, ‘उद्या माझ्या मुलीचं स्नेहसंमेलन आहे, पुढच्या आठवड्यात जाईन.’"

शर्वरीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आईने हात लांब करून तिचं मनगट पकडलं. घामेजलेल्या, गार बोटांनी घट्ट.

"ते माझं मी ठरवलं होतं," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मला नाच बघायचा होता. बघितला. त्याचं मला वाईट वाटत नाही. आधीचे दोन मात्र मी नव्हते ठरवले."

"मला वाटलं, एका आठवड्याने काय होतंय," डॉ. हेर्लेकर हळू आवाजात म्हणाले.

डॉ. मुजावरांनी अर्ज पुढे ओढला. अर्जावर त्यांनी लिहिलं: ‘आजार खरा. कामातून झालेला.’

"मग मी बरी होईन?" आईने विचारलं.

"काही जण हळूहळू होतात. काहींना वर्षं लागतात. ठोस औषध अजून नाही. केंद्रात ताकद पुरवून वापरायला शिकवतील, नाडी आटोक्यात ठेवायला मदत करतील. खोटी आशा मी देणार नाही."

"आणि इथलं काम?" बाबांनी विचारलं.

डॉ. हेर्लेकरांनी तोंड उघडलं. त्यांची नजर ठोंब्याकडे गेली आणि तोंड पुन्हा मिटलं. त्याचा अर्थ सगळ्यांनाच समजला.

त्या संध्याकाळी शर्वरीने वहीतल्या चार ओळी भरल्या. त्या पुरल्या नाहीत, म्हणून समासातही लिहिलं. लस सराव करून घेते. सरावाला दिवस लागतात. लस एकटी पुरत नाही, खिडकीही उघडावी लागते. रिपोर्टात दिसत नाही ते नसतंच असं नाही. शेवटी तिने आणखी एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली. जी तोंडाच्या सगळ्यांत जवळ उभी राहते, तिला लस सगळ्यांत आधी.

*

ही शेवटची ओळ वहीतच राहिली नाही. डॉ. मुजावरांनी जिल्ह्यातल्या सगळ्या दातांच्या दवाखान्यांतल्या सहायकांना बोलावून तसंच झोपवून आणि उभं करून तपासलं. सानिकासारख्या आणखी एकोणीस जणी निघाल्या. सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल होते. त्यांच्या नाड्यांचा अभ्यास करणारी एक तुकडी आता कोल्हापूरच्या केंद्रात बसते. पुढेमागे औषध सापडलं, तर त्यात ह्या वीस बायकांच्या आठ-आठ मिनिटांचा वाटा असेल. नवा नियमही निघाला. लसीच्या यादीत सहायक पहिले, आणि त्या दिवशी त्यांना कामावर बोलवायचं नाही.

नोव्हेंबरात चिकट्याच्या नव्या रूपावरची लस आली. केंद्रातले सहा महिने संपवून सानिका घरी परतली होती. आता तिला घरचा जिना चढता येत होता, मध्ये दोनदा बसून. ह्या लसीने जुनं दुखणं जाणार नाही, पण नव्याने घाव बसला तर तो हलका बसेल, असं तिला सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी डॉ. हेर्लेकर स्वतःची गाडी घेऊन दारात आले. "मी सोडतो केंद्रावर," ते म्हणाले. ते धड कुणाच्या डोळ्यांत पाहत नव्हते. आई पुढे बसली, शर्वरी मागे.

गाडी आठव्या गल्लीतून गेली. दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं आणि काचेवर डॉक्टरांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी लटकत होती: ‘लसीकरणामुळे आज दवाखाना बंद राहील.’

आईने पाटी पूर्ण वाचली. गाडी पुढे गेल्यावरही तिने मान वळवून ती एकदा पाहिली.

"म्हणजे बंद ठेवता येत होता की," ती म्हणाली.

मग तिने दंडावरची बाही वर सरकवली आणि लसीकरण केंद्र येईपर्यंत ती तशीच धरून ठेवली.